बाटलीतली कालवं

बाजारात पाकचॉय दिसला की अजूनही माझं डोकं फिरतं. भाजीचा बिचारीचा काय दोष? पण फिरतं खरं.

आम्ही घाटकोपरला भाड्याने राहत होतो तेव्हाची गोष्ट. लेक दहावीला, शाळा दोन गल्ल्या सोडून. मार्चमधली तिची परीक्षा होईपर्यंत त्या घरातून हलायचं नाही, हे आमचं पक्कं ठरलेलं. घर देतानाच मालकांनी बजावलं होतं, बिल्डिंग शाकाहारी आहे, घरात मासे-मटण शिजवायचं नाही. आता आम्ही पडलो वेंगुर्ल्याकडचे! नवऱ्याचा चेहरा पडला, पण लेकीच्या शाळेपायी मी हो म्हणून टाकलं. तल्लफ आली की रविवारी मालाडला बहिणीकडे जायचो, पोटभर बांगडे खायचो आणि बडीशेप चघळत परत यायचो. घरात साधा सुका जवळासुद्धा आणला नाही कधी.

समोरच्या घरात माझ्याच वयाची सून होती. घरी मराठी नसली तरी मुलुंडच्या मराठी शाळेत शिकलेली, त्यामुळे बोलायला झकास. तिच्याकडे कांदा-लसूणही चालत नसे. दुपारी सासूबाईंचा डोळा लागला की ही अनवाणीच माझ्याकडे यायची आणि "काय केलंयस गं?" म्हणत थेट कढईवरचं झाकण उचलायची. लसणाची फोडणी तिला इतकी आवडायची की नुसत्या वासाने हसायला लागायची. मला खूप बरं वाटायचं ती आली की. बहिणीनंतर एवढं जीवाभावाचं दुसरं कोणी नव्हतं मला.

पाकचॉय माझ्या गळ्यात मारला तो भाजीवाल्याने. ब्रोकोलीशेजारी ठेवला होता, त्या सगळ्याला तो इंग्लिश भाजी म्हणतो. "घ्या ताई, पालकासारखाच आहे." पालकासारखा कसला! देठ जाड, पांढरे, आणि बुडाशी ही माती. मोबाइलवर बघून बघून शिकले. उभे दोन भाग करायचे, माती निघेपर्यंत धुवायचे आणि पूर्ण निथळू द्यायचे, नाहीतर कढईत नुसतं पाणी. लोखंडी कढई धूर येईपर्यंत तापवायची, तेलात ठेचलेला लसूण आणि आल्याचे काप. आधी देठ, मिनिटभराने पानं. थोडा सोया सॉस आणि लगेच गॅस बंद. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "खोबरां नाय? मगे ती भाजी कसली गो?"

पण त्या भाजीला खरी चव येते ती ऑयस्टर सॉसने. ऑयस्टर म्हणजे आमची शिंपल्यातली कालवंच की! मॉलमध्ये बाटलीवर शिंपल्याचं चित्र बघितलं आणि माझं मन पाघळलं. मालक मासे शिजवायचे नाहीत म्हणाले होते, बाटलीबद्दल कोणी काही बोललं नव्हतं. वास नाही, काटा नाही, एक चमचा घातला तर कोणाला कळतंय? इथे माझं चुकलं. ते मी नाकारत नाही.

समोरच्या सुनेची भाजी मात्र मी सॉस घालायच्या आधीच वेगळी काढायचे. एकदा तिने माझ्या ताटातली उचलली. मी हात धरला तिचा. "अगं थांब, त्यात कालवं आहेत." बाटली दाखवली, चित्र दाखवलं, कालवं म्हणजे काय ते समजावून सांगितलं. तिने एकदा दाराकडे बघून घेतलं. मग म्हणाली, "एकदाच गं. कोणाला सांगू नकोस ना." तोंडात टाकली आणि डोळेच मिटले तिने. त्यानंतर आठवड्यातून एकदा तरी मेसेज ठरलेला: "आज बाटलीवाली कर ना यार."

डिसेंबरात एका दुपारी सासूबाई सुनेला शोधत आल्या. दार नुसतं लोटलेलं होतं. आम्ही दोघी जेवत होतो, बाटली ओट्यावर. कुठलीही वस्तू दिसली की उलटी करून तिच्यावरचा शाकाहाराचा हिरवा ठिपका शोधायचा, ही त्यांची सवय. त्यांनी बाटली उचलली. खूण तपकिरी होती. त्यांनी सुनेच्या ताटाकडे पाहिलं आणि बाटली तिच्यापुढे धरली.

"हे तू खाल्लंस?"

ती उठून उभी राहिली. माझ्याकडे बोट करून म्हणाली, "मला काय माहीत? हिने सांगितलंच नाही मला!"



रविवारी खाली सोसायटीच्या ऑफिसात बोलावलं. मालक, सेक्रेटरी, त्या दोघी आणि आम्ही. सासूबाई रडत होत्या. मोडक्या मराठीत म्हणाल्या, "पोरी, माझ्या घरच्या माणसाला तू फसवून खायला घातलंस." त्यांच्यावर मला राग नाही, त्यांना खरंच वाटत होतं तसं. फोन माझ्या हातात होता, सगळे मेसेज त्यात. दाखवले असते तर तिची वाट लागली असती. मी बाटली आणल्याचं कबूल केलं आणि थांबले. वाटत होतं, ती बोलेल. निदान एवढं तरी म्हणेल की हिने सांगितलं होतं, मीच ऐकलं नाही. सेक्रेटरींनी तिला पुन्हा विचारलं. खाली मान घालून ती म्हणाली, "पालक आहे म्हणाली होती."

पालक! पुढचं खोटं घरूनच ठरवून आली होती ती.

मालकांनी महिनाअखेरची मुदत दिली. नवरा घरी येऊन माझ्यावर तडकला, "तोंड शिवलं होतं का तुझं?" काय सांगणार त्याला? मी एका मैत्रिणीची वाट बघत बसले होते, आणि त्यात लेकीच्या डोक्यावरचं छप्पर घालवलं.

घर मिळालं ते देवनारकडे. तिथून शाळेला आधी बस, मग शेअर रिक्षा. सामान निघालं त्या दिवशी लेकीच्या पुस्तकांचं खोकं घेऊन मी लिफ्टमध्ये शिरले, तर ही धावत आत आली. आम्ही दोघीच.

"माझ्याशी बोलणार नाहीस का?" म्हणाली.

"का केलंस, एवढंच सांग."

ती रडायलाच लागली. "तुला दुसरं घर मिळालं ना गं? मला दुसरं सासर कुठे मिळणार होतं?"

मला तिची दया आली, खोटं कशाला बोलू? हात मोकळा असता तर तिच्या पाठीवर ठेवलाही असता. तेवढ्यात तळमजला आला. बाहेर सेक्रेटरी उभे होते. तिने झटकन डोळे पुसले आणि मला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने त्यांना म्हणाली, "अंकल, निघालं हं यांचं सामान, एकदाचं."

एकदाचं म्हणाली मेली! माझ्या पोरीची परीक्षा तोंडावर आली होती.