लालीचं बाळंतपण

हसायचं नाही हे आधी कबूल करा, तरच सांगते. आमच्या ह्यांनी हा किस्सा जबलपूरच्या आमच्या अख्ख्या मदन महल वस्तीत इतक्यांदा सांगितलाय की आता भाजीवालासुद्धा मला बघून तोंड फिरवतो आणि खोकल्याचं सोंग करतो. म्हटलं, एकदा माझ्या तोंडूनच ऐका. निदान मीठमसाला तरी माझ्या हातचा!

तर झालं असं, की सुनेला, रश्मीला, दिवस गेले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रोज एक अंडं खायचं. आता आमच्या घरात चातुर्मासात कांदासुद्धा उंबऱ्याच्या आत येत नाही! पण येणाऱ्या नातवंडापुढे कसला आलाय बाणा? मागच्या व्हरांड्यात छोटा गॅस मांडून दिला, एक पातेलं वेगळं काढलं आणि म्हटलं, "खा बाई. फक्त मला हात लावायला सांगू नकोस."

कारण आयुष्यात मी अंड्याला हात लावलेला नाही. आणि मी रिटायर कशातून झाले? मुलींच्या शाळेत गृहविज्ञान शिकवून! अंड्याचं पोषणमूल्य, ताजं अंडं कसं ओळखावं, किती उकडावं, सगळं तोंडपाठ. फळ्यावर मी काढलेलं अंडं बघून इन्स्पेक्टरसाहेब खूश झाले होते. पण ते खडूचं.

अंड्याची बातमी मझौलीला व्याह्यांच्या कानावर गेली. त्यांची तिथे शेती. एका रविवारी बसमधून उतरले ते काखेत टोपली घेऊनच. टोपलीत लाल कोंबडी!

"बाजारची अंडी काहून खायची, विहीणबाई? ही लाली. रश्मीनं हातानं दाणे टाकून वाढवली. रोज एक देते, बिलकुल नागा नाही. घरचीच समजा."

चहा पिऊन ते गेले, आणि 'घरची' आमच्या व्हरांड्यात राहिली.

आता तुम्हीच सांगा, सुनेच्या माहेरची कोंबडी म्हणजे काय साधी गोष्ट आहे? तिची बडदास्त ठेवायला नको? मी तांदूळ निवडून घालत होते, पाणी गाळून ठेवत होते. आणि बाईसाहेब? अंड्याचं नाव नाही! कोपऱ्यात पिसं फुगवून बसलेली, शेपूट खाली, डोळे अर्धे मिटलेले. दाणा टाकला की माझ्याकडे बघायची आणि पुन्हा डोळे मिटायची.

रोज संध्याकाळी मझौलीहून फोन. "लाली काय म्हणते?"

"रुळून राहिली!" मी म्हणायची आणि घाईघाईनं पिकपाण्याची चौकशी करायची. दुसरं काय सांगणार? तुमच्या घरी रोज देत होती, माझ्या घरी आली आणि बंद पडली? लोक काय अर्थ काढतील?

अशात ह्यांनी मोबाइलवर कुठलासा व्हिडिओ शोधून काढला. "अगं, अंडं आत अडकलं की कोंबडी अशीच फुगून बसते म्हणे. मोकळी नाही झाली तर मग खतम."

"खतम म्हणजे?"

"खतम म्हणजे खतम, यार!"

घरात पोटुशी सून, आणि तिनं वाढवलेली कोंबडी माझ्या व्हरांड्यात जीव सोडणार? नको ते विचार यायला लागले. रविवारी व्याही येणार होते. त्यांना मी कुठल्या तोंडानं सांगू?

पदर खोचला. व्हिडिओत कोमट पाण्यात बसवा म्हणाले होते. नातवंडासाठी आणलेला कोरा गुलाबी टब काढला, कोपरानं पाणी बघितलं आणि लालीला त्यात बसवलं. हे धरायला, मी पाणी घालायला.

"हळू धरा हो! अवघडलेली आहे ती!"

"मला चोची मारून राहिली, ते नाही दिसत तुला?"

मग पोटाला एरंडेल चोळलं. मग माझं डोकं आणखी चाललं. बाळंतिणीला देतो तशी ओव्याची धुरी दिली. लाली शिंकली. हे खोकायला लागले.

"अगं, गुदमरून राहिली ती!"

"गुदमरत नाहीये, मोकळं वाटून राहिलं तिला. तुम्हाला काय कळतं बाळंतपणातलं?"

"अच्छा! आणि तुला कोंबडीच्या बाळंतपणातलं कळतं?"

माझी जुनी मऊ साडी खोक्यात अंथरली, लालीला त्यात ठेवलं आणि कोठीच्या खोलीत अंधार करून दिला. देवाजवळ दिवा लावला. खरं सांगते, माझ्या लेकाच्या बाळंतपणात माझ्या सासूनंही इतका जप केला नसेल.

रविवार उजाडला. हे आणि रश्मी व्याह्यांना आणायला बसस्टँडवर गेले. मी धीर करून कोठीचं दार उघडलं. लाली खोक्याबाहेर उभी! आणि खोक्यात, माझ्या साडीवर, पांढरंशुभ्र, गोल गरगरीत, चकचकीत अंडं!

डोळ्यांत पाणीच आलं हो माझ्या. सुटली बिचारी!

हात लावायचा नव्हता, म्हणून सांडशीनं उचललं. चांगलं जड लागलं. म्हटलं, एवढं जड, म्हणून तर अडकलं होतं! गारही होतं, पण जानेवारीतली जबलपूरची थंडी, निवलं असेल. तरी शिकवलेलं विसरले नाही. ताजं अंडं पाण्यात बुडतं. पातेल्यात सोडलं, तर टणकन तळाला! ताजं! एकदम ताजं!

दहा मिनिटं उकडायचं असं मी जन्मभर शिकवलं होतं. पण पोटुशीला कच्चं कसं द्यायचं? माझं वरण-भात, वांग्याची भाजी, पोळ्या सगळं होईपर्यंत ते पातेल्यात खडखडत होतं.

मंडळी आली, पानं मांडली. रश्मीच्या पानापुढे मी चांदीची वाटी ठेवली, त्यात अंडं, शेजारी मीठ-मिरपूड. "लालीनं दिलंय, आज सकाळीच!"

रश्मीचं तोंड उघडलं, पण व्याह्यांनी वाटी आधीच ओढली. "द्या, मी सोलून देतो."

त्यांनी ते ताटाच्या काठावर आपटलं. टण्ण!

पुन्हा आपटलं. टण्ण! ताटाला पोचा आला.

व्याही सज्जन माणूस. "विहीणबाई," हळूच म्हणाले, "जरा जास्तच उकडलं का?"

"तासभर. कच्चं राहायला नको ना."

"हां, तरीच!"

ह्यांनी ते हातात घेऊन तोललं. "छे! अंडं इतकं जड नसतं. आणि गावरानी अंडं इतकं पांढरं कुठे असते?"

"तुम्हाला हो काय माहीत?"

हे एकदम पंख्याकडे बघायला लागले. चाळीस वर्षांचा संसार! पण तो हिशेब मी नंतर घेतला.

"आई," रश्मी म्हणाली, ओढणी तोंडात कोंबून, "ते संगमरवरी आहे. आपल्या शोकेसमधलं, भेडाघाटहून आणलेलं. माझी आई म्हणाली, अंडं दिसलं की कोंबडीला द्यावंसं वाटते. म्हणून रात्री खोक्यात ठेवलं. तुम्हाला सांगायचंच राहून गेलं."

दर दिवाळीला ते अंडं शोकेसमधून काढून मीच पुसते. मीच!

मग माझा बांध फुटला. म्हटलं, व्याहीबुवा, तुमची लाली आल्यापासून एकही अंडं दिलं नाही हो तिनं. काय काय केलं, पण माझ्या हाताला यश नाही.

व्याही उठून कोठीत गेले. लालीला उचलून पोटाखाली चाचपलं. "काही अडकलं नाही. जागा बदलली, म्हणून रुसून राहिली, बस." मग त्यांना तो गुलाबी टब दिसला, साडी दिसली, ओव्याचा वास आला. "हे सगळं लालीसाठी केलं?"

मी मान हलवली. त्यांनी लालीला अलगद खाली ठेवलं. "मग मले रश्मीची काळजी नाही," म्हणाले.

मला इतकं भरून आलं की काय सांगू! आणि मग ते जे हसत सुटले, ते बस सुटायची वेळ झाली तरी थांबेनात.

लालीला टबासकट पुन्हा व्हरांड्यात आणलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे एकच कॉक कॉक. धावत गेले. गुलाबी टबात पुन्हा एक अंडं! ह्या खेपेला बदामी रंगाचं. दारात हे आणि रश्मी, चेहरे अगदी साळसूद.

"व्वा!" मी म्हटलं. "एकदा फसले म्हणून रोज फसेन काय? रंगसुद्धा दिलात का त्याला?"

"आई, नको..." रश्मी म्हणाली.

पण मी कुठली ऐकतेय! आयुष्यात पहिल्यांदा अंडं हातात घेतलं आणि दाणकन तिथल्याच ओट्याच्या काठावर मारलं.

ते पदरावरून ओघळून पायापर्यंत आलं.

हे जवळ आले, वाकून निरखून बघितलं आणि म्हणाले, "हे मात्र ताजं होतं."

लाली टबाच्या काठावरून सगळं बघत होती. नंतर कितीतरी दिवस रुसून तिनं अंडं दिलं नाही. पण ह्या वेळी मी ना पाणी तापवलं, ना धुरी दिली. दुखणं कुठे आहे ते मला बरोब्बर ठाऊक होतं, आणि ते साडी नेसून गुपचूप ओटा पुसत होतं.