अक्रोडी चौकटीतलं प्रशस्तिपत्र

डेल्बर्ट हॉस्किन्सने एकदा सरकारचे पैसे वाचवले आणि ते पाप तो अजून फेडतो आहे.

नेब्रास्कातल्या आमच्या तळ्यावरच्या सरकारी ऑफिसात भांडार त्याच्याकडे, गाड्या माझ्याकडे. आमचं सरकारी वर्ष तीस सप्टेंबरला संपतं. तोवर मिळालेला पैसा संपवला नाही, तर वॉशिंग्टनला वाटतं यांना तो नकोच होता, आणि पुढच्या वर्षी तेवढा कापतात. म्हणून सप्टेंबर लागला की आमच्याकडे लग्नघरासारखी खरेदी. पण डेल्बर्टची आई सुतळीचे तुकडेसुद्धा डब्यात जपणारी. त्याला ही उधळपट्टी बघवेना. त्या वर्षी त्याने अकरा हजार चारशे डॉलर परत पाठवले.

डिसेंबरात काटकसरीबद्दल प्रशस्तिपत्र आलं, अक्रोडाच्या चौकटीत. मी चौकट उलटून पाहिली. मागे किमतीची चिठ्ठी तशीच होती, दीडशे डॉलर. आम्ही पोट धरून हसलो.

मार्चमध्ये बरोबर तेवढ्याच रकमेची कात्री लागली आणि लोरेटा पेट्झची अर्धवेळ नोकरी गेली. पोहायच्या जागेचं पाणी तपासायचं काम तिचं.

"एक वर्ष. फार तर दोन," डेल्बर्ट तिला म्हणाला. "तुझी जागा मी परत आणतो. शब्द देतो."

"पगाराचं सोड रे, अंडी विकेन मी. नोकरीबरोबर मिळणारा विमा गेला तर लॉइडच्या औषधांचं काय करू?"

लॉइड तिचा नवरा. गव्हाच्या कोठारातल्या धुळीने त्याची फुफ्फुसं खाल्ली होती.

डेल्बर्टने अर्ज केला. उलट विचारणा आली, गेल्या वर्षी ही जागा भरलेली होती का? याने खरं ते लिहिलं, नव्हती. मग तिची गरज दिसत नाही, असं उत्तर आलं. दुसऱ्या वर्षी तेच. तेव्हा कुणीतरी कानमंत्र दिला की पै न् पै उडव, म्हणजे गरज दिसेल. सुतळी जपणाऱ्या आईच्या मुलाने मग तीन सप्टेंबर खुर्च्या घेतल्या. दोनशे चाळीस.

"आपण नऊ जण आहोत," मी म्हणालो. "बाकीची ढुंगणं कुठून आणणार?"

"यादीत असली तर तीही मागवीन," तो म्हणाला. हसला नाही.

इकडे पाणी तपासायला कुणी नव्हतं, म्हणून तसं लिहिलेल्या चाळीस पाट्या घेतल्या. तिकडे लोरेटा स्वयंपाकघरातल्या सुरीने लॉइडच्या गोळ्या अर्ध्या करायची. डेल्बर्टने ते एकदा पाहिलं आणि त्या दिवशी डबा न उघडताच घरी नेला. ती त्याला कधी बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. मला मात्र संताप यायचा, आणि काढावा कुणावर ते कळायचं नाही.

पाचव्या वर्षी, मे महिन्यात, जागा मंजूर झाली. खुर्च्या इतक्या साठल्या होत्या, की त्या मोजायला माणूस हवा असं वॉशिंग्टनला पटलं. अर्धवेळ, विम्यासकट. लॉइडला पुरून चार दिवस झाले होते. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच.

डेल्बर्ट बायकोने दिलेलं नूडल्सचं भांडं आणि ते पत्र घेऊन तिच्याकडे गेला. मीच गाडी चालवत होतो. लोरेटाने पायरीवर बसून पत्र वाचलं.

"खुर्च्या मोजायच्या?"

"हो."

"आणि पाणी?"

"पाण्याला जागा मंजूर नाही."

तिला हसू आलं. मग तिने पत्राची घडी घातली.

"विमा आहे म्हणतोस."

"आहे."

"मला एकटीला काय करायचाय तो?" तिने पत्र परत दिलं. "भांडं मंगळवारी घेऊन जा. धुऊन ठेवते."

जागा रिकामी राहिली. का, असा रकाना होता. डेल्बर्टने लिहिलं, 'उमेदवाराच्या नवऱ्याला आता औषध लागत नाही.' त्या सप्टेंबरात त्याने काहीच घेतलं नाही. त्या पगाराचे पैसे तसेच परत गेले.

डिसेंबरात पार्सल आलं. अक्रोडाची चौकट, काटकसरीबद्दल.

डेल्बर्टने ती भांडारातल्या एका खुर्चीवर ठेवली आणि समोरच्या खुर्चीत बसला. संध्याकाळी मी कुलूप लावायला गेलो, तेव्हाही तो तसाच बसलेला होता.