संघप्रियाताईंच्या पाचशे जागा

संघप्रियाताई बोनकोडे बुडवणार आहेत आणि स्वतःसाठी उंचावर फ्लॅटसुद्धा बघून आल्यात, अशी बातमी आमच्या सोसायटीत फिरत होती. फ्लॅटचं खोटं. तेवढी भर माझी. बुडालेलं गाव मात्र मी ताईंच्या टेबलावर स्वतः पाहिलं होतं; नकाशात अख्खं बोनकोडे निळं!

ताई आमच्या समोरच्या दारात राहतात. भरतीचं पाणी कुठवर चढेल, ते बेलापूरच्या एका संस्थेत बसून काढतात, तेही तिथल्या जुन्या धनाजी सरांनी चाळीस वर्षांपूर्वी लिहिलेल्या प्रोग्रॅमवर. नकाशा सोमवारी वर, सरकारकडे जायचा होता.

मी आमच्याकडे मासे घेऊन येणाऱ्या हिरामणला सांगितलं. त्याचं घरच बोनकोड्यात, न सांगून कसं चालेल? तो थेट ताईंच्या दारात.

"ताई, आमचं घर पान्यात हाय म्हनं? नकाशात निळं पडलं तर वरचा मजला कोन बांधू देईल?"

"दादा, प्रोग्रॅम चुकतोय. पण कुठे, तेच कळत नाहीये."

तीन दिवस ताई जिन्यात भेटल्या तरी ओळख देईनात. शनिवारी खाली नवी स्कूटर लावून वर आलो, तर ताईंचं दार उघडं. चूक सापडली होती.

धनाजी सरांनी खाडीच्या खोलीच्या आकड्यांना पाचशे जागा आखून दिलेल्या, कायमच्या. यंदा मोजणी झाली सहाशे बारा ठिकाणी. वरचे एकशे बारा आकडे निमूट शेजारच्या रांगेत घुसले. तिथे जमिनीची उंची होती, आणि पहिला नंबर बोनकोड्याचा. खाडीची खोली गावाची उंची होऊन बसली, आणि गाव बुडालं.

"मग पाचशेचे सातशे करा की!"

"पुढच्या वर्षी आठशे आले तर? आधी मोजायचं, मग तेवढीच जागा मागून घ्यायची, काम झालं की परत करायची."

"मागायची कुणाकडे?"

"मशीनकडे."

"आणि नाही म्हणालं तर?"

"तर तसं सांगून थांबतं."

मशीन नाही म्हणतं, हे काही माझ्या डोक्यात शिरेना. प्रोग्रॅमात तो पाचशेचा आकडा वीसेक ठिकाणी रुतलेला. ताईंनी एकेक उपसून काढला. रविवारी दुपारी बोनकोडे कोरडं झालं. हिरामण खाडीतले खेकडे, चांगल्या भरलेल्या चिंबोऱ्या, घेऊन आला.

मी मात्र तिथेच अडकलेलो. "पण ताई, शेजाऱ्याच्या जागेत एवढी घुसखोरी चालू असताना तो प्रोग्रॅम एकदाही ओरडला कसा नाही?"

ताई म्हणाल्या, "तुमची नवी स्कूटर महिनाभर माझ्या पार्किंगमध्ये उभी आहे. ती कधी ओरडली?"