भैय्याजींची स्वस्त डिस्क

भैय्याजी दिघोरे घासाघीस केल्याशिवाय काडेपेटीसुद्धा घेत नसत. गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली त्यांचं गाव गेलं, पण हा गुण मात्र पुनर्वसनातल्या नव्या घरी सुखरूप पोहोचला. सोबत आलं ते गाव बुडायच्या आधी त्यांनी हौसेने केलेलं शूटिंग. ते घरच्या कम्प्युटरवर होतं, दुसरीकडे कुठेच नव्हतं. शेजारच्या आनंदाबाईचा गेलेला मुलगा अंकुश त्यातच तेवढा हसता-बोलता उरला होता. दरवर्षी त्याच्या तिथीला ती येऊन बघून जाई.

या उन्हाळ्यात कम्प्युटर आतून टकटक करू लागला. भैय्याजी भंडाऱ्याला विचारायला गेले. तिथला दुकानदार प्रविण म्हणाला, की बाहेरून जोडायची हार्ड डिस्क घ्या. जागा कमी असली तरी चालेल, पण बिलाची, वॉरंटीची घ्या. वर त्याने बजावलं, "काका, नुसती कॉपी करा. दोन्हीकडे राहू द्या."

भैय्याजींना ही दुकानदारी वाटली. अड्याळच्या बाजारात त्याच्या निम्म्या भावात कितीतरी पट जागेची डिस्क मिळाली. हातात घेतली तर अगदीच हलकी. मन चरकलं, पण स्वस्ताईपुढे मनाचं कोण ऐकतो!

आणि घरी येऊन त्यांनी कॉपी केलंच नाही. गाव सोडताना लोकांनी दारं, चौकटी, छपराचे कवेलूसुद्धा उतरवून आणले होते. हलायचं तर मागे काही ठेवायचं नाही, हीच त्यांची रीत. भैय्याजींनी सगळं 'कट' करून नव्या डिस्कवर नेलं. नावं ओळीने दिसली. पहिलं शूटिंग लावून पाहिलं, ते चाललं. आठवडाभरात कम्प्युटरने मान टाकली, तेव्हा स्वतःच्या दूरदृष्टीवर ते खूशही झाले.

तिथीला आनंदाबाई आली. भैय्याजींनी सुनेच्या लॅपटॉपला डिस्क जोडली. अंकुशचं नाव होतं. उघडलं तर पडदा काळा. पुन्हा उघडलं, काळाच. त्याच्या पुढचं, त्याच्याही पुढचं, तसंच. डिस्कवर छापलेली जागा खोटी होती. खरी केव्हाच भरली होती, आणि नंतरचं सगळं नुसतं नावापुरतं उतरलं होतं. भैय्याजी डिस्कची वायर काढून पुन्हा पुन्हा जोडत राहिले.

आनंदाबाई खुर्ची पुढे ओढून त्या काळ्या पडद्याकडे टक लावून बसली होती.

"मलेच दिसून नाही राहिलं वाटते, भाऊजी," ती म्हणाली. "तुमी आवाज तेवढा वाढवा."