पंधरा-चाळीसची चिठ्ठी

निशिकांत पेंढरकरांनी एकतीस वर्षं जहाजांची इंजिनं सांभाळली आणि सहा वर्षं एक कादंबरी लिहिली. जास्त दमवलं कशाने, असं मी त्यांना एकदा विचारलं होतं. "इंजिनाला निदान मॅन्युअल असतं, वहिनी," ते म्हणाले.

माझे यजमान आणि ते बरीच वर्षं एका जहाजावर होते, म्हणून मी वहिनी आणि ते भावजी. यजमान जाऊन अकरा वर्षं झाली. त्यानंतर तीन वर्षांनी भावजींच्या पत्नी नीलिमाताई गेल्या आणि भावजी इथे सिंगापूरमध्ये, सेम्बावांगला मुलीकडे, मधुराकडे राहायला आले. उंच, पाठीत वाकलेले, उजव्या कानाने जवळजवळ बहिरे. बसमध्ये बसले की खिडकीच्या पट्टीवर तळहात ठेवतात आणि दोन स्टॉप गेल्यावर म्हणतात, "बेअरिंग गेलंय हिचं." आजवर एकाही ड्रायव्हरला त्यांनी हे सांगितलेलं नाही. सांगून काय उपयोग, असा चेहरा करून उतरतात.

कादंबरीचं नाव 'भोवऱ्याखालचं बंदर'. पुण्याहून शंभर प्रती छापून आणल्या, त्यातल्या साठ अजून मधुराच्या पलंगाखाली आहेत. गोष्ट अशी की एक बोट समुद्रातल्या एका मोठ्या भोवऱ्याखाली असलेलं बंदर शोधायला निघते. तिच्या बॉयलरमध्ये कोळसा नाही, भडक्या नावाचा एक आगीचा प्राणी राहतो. खलाशांनी घरची ताजी बातमी सांगितली तरच तो पेटतो. शेवटच्या पानावर बोट भोवऱ्याच्या काठाशी येते, कुणाकडेच नवी बातमी उरलेली नसते, भडक्या विझतो. तिथे छापलं आहे, 'पूर्वार्ध समाप्त'.

आमचं वाचन मंडळ दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आंग मो किओच्या कम्युनिटी क्लबमधल्या एका खोलीत भरतं. इथे मराठी माणसं मोजकी. गणपतीत, बारशाला, विमानतळावर तीच ती भेटतात. तोंडावर वाईट कोण बोलणार? म्हणून आम्ही एक पद्धत पाडली. प्रत्येकाने आपलं मत चिठ्ठीवर लिहायचं, नाव घालायचं नाही, आणि चकलीच्या रिकाम्या डब्यात टाकायचं. मी सगळ्या चिठ्ठ्या एका आवाजात वाचते. कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी वाचनातून भाव काढून टाकायला शिकवलं होतं, ते असं म्हातारपणी कामाला आलं. मग मी त्या रजिस्टरात उतरवते. लेखक हजर असेल तर त्याने चिठ्ठी टाकायची नाही आणि शेवटपर्यंत बोलायचं नाही. मीही चिठ्ठी टाकत नाही.

मार्चच्या बैठकीआधी भावजींनी एक भर घातली होती. "प्रत्येकाने शेवटी लिहा, उत्तरार्ध लिहावा की लिहू नये. जास्त लोक म्हणतील तसं करीन." हे ते हसत म्हणाले, पण मला माहीत होतं की ते खरंच तसं करणार. इंजिनरूममध्ये वरून आलेला हुकूम ते एकदा स्वतः मोठ्याने म्हणून दाखवत आणि मग पाळत.

नऊ मार्चला मी डबा उघडला. पहिली चिठ्ठी: "चाळीस पानांपर्यंत दोनदा झोप लागली. एकेचाळिसाव्यापासून बायको जेवायला हाका मारत होती, उठलो नाही. लिहावा." दुसरी: "समुद्रसर्प बोटीला विळखा घालतो आणि नायक अकरा पानं व्हॉल्व्ह दुरुस्त करतो. सर्प कंटाळून गेला असावा. लिहू नये."

"सर्पाची बाजू कुणीतरी घेतली," प्रबोध म्हणाला. तो जुरोंग आयलंडवर रिफायनरीत आहे. चिठ्ठी कुणाची, हे त्याच्या हसण्यावरूनच कळलं.

"अकरा पानांत तुमच्याकडे कामाचं परमिटसुद्धा मिळत नाही," नीता त्याला म्हणाली. मग तिची स्वतःची चिठ्ठी निघाली. तीही कुणापासून लपली नाही. "सगळ्या बायका बेटावर वाट बघत बसतात. इतक्या वर्षांत एकीलाही पोहायला शिकावंसं वाटलं नाही? लिहू नये."

बारा वर्षांच्या किमयाने, म्हणजे भावजींच्या नातीने, मोठ्या अक्षरांत, इथल्या पोरांच्या बोलीत लिहिलं होतं: "भडक्या बेस्ट आहे लाह. पण पाइप रिपेअर सो लाँग. लिहावा." एका चिठ्ठीत फक्त "बाबांचे डोळे बघा. लिहू नये" असं होतं. ती मी बाकीच्यांसारखीच वाचली. मधुरा खाली बघत होती.

एक चिठ्ठी शेवटून दुसरी होती. "लेखकाला शेवट माहीत नाही. बोट आणून उभी केली आणि हात वर केले. अशा माणसाने पुढे लिहू नये." भावजी टेबलावर तळहात ठेवून बसले होते, बसमध्ये बसतात तसे.

मोजणी झाली. लिहावा सहा, लिहू नये सहा.

"काकू, तुम्ही टाका एक, संपवा हे," प्रबोध म्हणाला.

"माझी चिठ्ठी नसते," मी म्हणाले. "पुढच्या महिन्यात बघू."

घरी आल्यावर रोजच्याप्रमाणे डायरी लिहायला घेतली. बैठकीला कोण आलं त्यांची नावं मी नेहमी लिहिते. भावजी आणि मी सोडून अकरा नावं झाली. पुन्हा मोजली. अकराच. चिठ्ठ्या बारा होत्या.

मग डबा उघडून एकेक चिठ्ठी चष्म्याजवळ धरली. ती शेवटून दुसरी चिठ्ठी सगळी छापल्यासारख्या सुट्या अक्षरांत होती, आणि कोपऱ्यात बारीक लिहिलं होतं: १५४०. वाचताना मी ते पाहिलं नव्हतं. लिहिणाऱ्याने अक्षर लपवलं होतं, पण वेळ घातली होती. माझे यजमान वाण्याच्या यादीवरसुद्धा वेळ घालायचे. हळद, साबण, ०७१५. ज्याने जन्मभर इंजिनाची लॉगबुकं भरली तो वेळ घातल्याशिवाय कागद सोडत नाही. सोडला तर त्याला तो कागद पुरा वाटत नाही.

दोन दिवस मी काहीच केलं नाही. या वयात दुसऱ्याची चूक धरायचाही कंटाळा येतो. शिवाय ही चिठ्ठी काढून टाकली की सहा विरुद्ध पाच होत होतं, म्हणजे त्या माणसाला आणखी सहा वर्षं टेबलाशी बांधायचं.

मंगळवारी रजिस्टर पिशवीत घालून सेम्बावांगला गेले. घरात मधुरा ऑफिसचं काम करत होती, म्हणून भावजी मला खाली हॉकर सेंटरला, खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईत घेऊन गेले. दोन कोपी, म्हणजे इथली कॉफी, आणल्या, माझी साखरेशिवाय. मी चिठ्ठी त्यांच्यापुढे ठेवली.

त्यांनी कोपऱ्याकडे पाहिलं. "वेळ घातली होय मी," ते म्हणाले. "गाढव."

"लेखकाने चिठ्ठी टाकायची नाही, भावजी."

"माहीत आहे."

"मग?"

त्यांनी कपाचा कान आपल्याकडे वळवला. "मधुरा लहान होती तेव्हा बंदर आलं की मी फोन करायचो. पैसे मोजून, चार मिनिटं. त्यात भडक्याची गोष्ट सांगायचो, थोडी थोडी. ती मला शाळेतल्या बातम्या सांगायची, म्हणजे भडक्या पेटायचा. दहा वर्षांची झाली आणि फोनवर येईनाशी झाली. नीलिमा म्हणायची, खेळायला गेलीय. तिथपर्यंतच आहे गोष्ट, वहिनी. जेवढी सांगितली तेवढी लिहिली. पुढची कधी झालीच नाही."

"हे मधुराला माहीत आहे?"

"तिने वाचलंय ना पुस्तक. काही म्हणाली नाही. मी विचारलं नाही." त्यांनी चष्मा काढला. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, डाव्याचं व्हायचं होतं. "लोक म्हणतात कंटाळवाणं आहे, आणि तेच लोक विचारतात पुढे काय झालं. मला वाटलं, कुणीतरी स्पष्ट म्हणावं, आता थांबा. कुणी म्हणेना, म्हणून मीच म्हटलं."

मी रजिस्टर उघडलं. जहाजाच्या लॉगबुकात चुकलेली नोंद खोडरबराने घालवत नाहीत. वाचता येईल अशी एकच रेघ मारतात आणि शेजारी सही करतात. हे मला सांगावं लागलं नाही. त्यांनी पेन घेतलं, आपल्या मतावर सरळ रेघ मारली, सही केली, घड्याळ पाहून वेळ घातली.

"सहा-पाच," ते म्हणाले. "म्हणजे लिहावं लागणार." हे म्हणताना त्यांचे खांदे इतके उतरले की मला माझी डायरी, माझी मोजदाद, सगळं नकोसं झालं.

"लिहू नका," मी म्हणाले. "सांगा. चार मिनिटांची सांगा. मी उतरवते."

"शेवट माहीत नाही म्हटलं ना."

"बोट भोवऱ्याच्या काठाशी आहे. भडक्या विझलाय. पुढे?"

शेजारच्या टेबलावरची पोरं नूडल्स संपवून गेली. एक म्हातारी ट्रे गोळा करून गेली. मग ते बोलू लागले, मध्येमध्ये थांबत. चार मिनिटांची वीस झाली. मी लिहिलं, आणि एकदाही शब्द सुचवला नाही.

पाडव्यानंतरच्या शनिवारी, तेरा एप्रिलला, मी ते दीड पान वाचलं. नायक इंजिनियर बॉयलरचं दार उघडतो आणि भडक्याला म्हणतो, सांगण्यासारखं काही उरलं नाही, तू जा. भडक्याचा उरलासुरला निखारा पाण्यावरून निघून जातो. बोट तिथेच उभी राहते. बेटावरच्या बायकांना तो उजेड दिसतो. त्या पोहत येतात, बोटीला दोर बांधतात आणि ओढत घरी नेतात. भोवऱ्याखालचं बंदर कुणी पाहत नाही.

"पोहत?" किमया म्हणाली. "आजोबा, सो फार, हाऊ कॅन?"

"हळूहळू," भावजी म्हणाले.

पुन्हा चिठ्ठ्या झाल्या. "दीड पान? एवढ्यासाठी महिनाभर थांबलो?" "बंदर दाखवलंच नाही, ही फसवणूक आहे." "पूर्वार्धापेक्षा बरा, व्हॉल्व्ह नाही." नीताने लिहिलं होतं, "उशिरा का होईना, शिकल्या." अकरा माणसं, अकरा चिठ्ठ्या. मी दोनदा मोजल्या.

शेवटच्या चिठ्ठीवर एकच ओळ होती: "मला वाटलं होतं, भडक्या परत येईल."

मी ती बाकीच्यांसारखीच वाचली. मधुरा या वेळी खाली बघत नव्हती. भावजींनी हात पुढे केला. डब्यातली चिठ्ठी कुणाला द्यायची नाही, असा आमचा नियम आहे. मी ती आधी रजिस्टरात उतरवून घेतली आणि मग त्यांना दिली. त्यांनी ती घडी घालून खिशात ठेवली. घरी जाताना मधुरा त्यांच्या डाव्या बाजूला चालत होती, ज्या कानाने त्यांना ऐकू येतं त्या बाजूला, आणि काहीतरी सांगत होती. लांबून मला ते ऐकू आलं नाही.