माळाच्या मातीतला कर्ब

बी.एस्सी. झाल्यावर सोलापुरातल्या एका माती तपासणी प्रयोगशाळेत मला नोकरी लागली. मोठा दुष्काळ नुकताच सरला होता आणि जिल्हाभरातून मातीच्या कापडी पिशव्या येत होत्या. मातीत सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या पाल्याचं नि मुळांचं सत्त्व, किती उरलंय ते काढायचं माझं काम. फ्लास्कमध्ये चिमूटभर माती, त्यावर नारिंगी द्रावण, मग आम्ल. माती गरीब असली की नारिंगी रंग फारसा हलत नाही. आमच्याकडे तो क्वचितच हलायचा.

बार्शीकडच्या एका डोंगरमाळाचा नमुना आला तेव्हा मात्र आम्ल पडताच फ्लास्क हिरवागार झाला. कर्ब इतका की द्रावण पुरेना. मी साहेबांना बोलावलं. त्यांनी फ्लास्क उजेडात धरला, नमुन्यात शेण पडलं असेल म्हणाले आणि पुन्हा करायला सांगून गेले. मी निम्मीच माती घेऊन पुन्हा केलं, मग तिसऱ्यांदा केलं. उत्तर बदलेना, तशी साहेबांची खात्री झाली की नमुना घेणाऱ्यानंच घोळ घातलाय. चुकत असेल तर मी किंवा नमुना आणणारा शिपाई. माळ बरोबर असू शकतो हे त्यांच्या मनातच येत नव्हतं. शेवटी मला म्हणाले, स्वतः जाऊन घेऊन या.

दिवाळी होऊन गेली होती. जीपनं पायथ्याशी सोडलं आणि मी फावडं घेऊन चढले. कमरेएवढं पिवळं गवत होतं, पवन्या आणि शेडा. पन्नाशीची एक बाई विळ्यानं ते कापत होती. तिनंच सांगितलं की पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत गावातलं एकही जनावर वर चढत नाही, आणि हा नेम तिच्या सासूच्याही आधीपासूनचा. फावडं आत जाईना, इतकी मुळं. तिनं विळ्यानं मुळं तोडून दिली. खाली मनगट बुडेल इतकी खोल काळी, भुसभुशीत माती होती. शेजारच्या नांगरटीत चार बोटांवर पांढरा मुरूम लागत होता.

मी कशाला आले ते तिनं विचारलं. या डोंगराचं काय करायचं याचा सरकार विचार करतंय, असं मी सांगितलं. ती विळा खाली ठेवून म्हणाली, "बाई, कागदावर एवडं लिवा. ही माती गवतानं धरलीया. नांगर लागला तर ऱ्हायाची न्हाय."

मी लिहिते म्हणाले. किती सहज म्हणाले.

नव्या नमुन्याचं उत्तर तेच आलं. अहवालाच्या छापील कागदावर जमिनीचे तीनच प्रकार होते: जिरायत, बागायत, पडीक. शेकडो वर्षं गवत सांभाळणाऱ्या माळाला मला पडीक लिहावं लागलं. म्हणून शेऱ्यात लिहिलं, कायम गवताची जमीन, नांगरू नये. साहेबांनी तांबड्या शाईनं ते खोडलं.

"आपण मातीत काय आहे ते सांगायचं," ते म्हणाले. "जमिनीचं काय करायचं ते वरचे बघतील."

कागदावर उरलं एवढंच: पडीक, सेंद्रिय कर्ब भरपूर. वरच्यांनी त्याचा सरळ अर्थ काढला. सुपीक जमीन रिकामी पडली आहे, लागवडीखाली आणा. ती भूमिहीनांना वाटून दिली. दुष्काळात खडी फोडून हात सोललेली ही माणसं. त्यांना जमीन मिळू नये असं कुठल्या तोंडानं म्हणणार? चिडायचं तरी कुणावर, हेच कळत नव्हतं. पहिल्या वर्षी ज्वारी डोक्याएवढी झाली. साहेबांनी आमच्या अहवालाचं कौतुक करून सगळ्यांना चहा पाजला. मीही प्यायले.

तिसऱ्या वर्षी त्याच माळावरचा एक शेतकरी पिशवी घेऊन स्वतः आला. माती फिकी होती, निम्मे खडे. द्रावण नारिंगीच राहिलं. तो टेबलापाशी उभा राहून बघत होता.

"दोन वर्सांत मातीतला जीव कुटं गेला, बाई?"

मी सांगू लागले. गवताच्या मुळांनी तो वर्षानुवर्षं साठवलेला असतो, नांगरानं माती उघडी पडते, मग त्यातला बराच हवेत जातो आणि उरलेला पावसाच्या पाण्याबरोबर उतारानं खाली.

"म्हंजी आमीच घालवला?"

"तुम्ही नाही," मी म्हणाले.

"मग कुनी?"

मी फ्लास्क धुवायला घेतला. तो म्हणाला, खत काय घालायचं तेवढं लिहून द्या. मी लिहून दिलं. चढाचा भाग गवताला सोडा असंही सुचवलं, तर त्याच्या वाट्याला सगळा चढच आलेला.

तो गेल्यावर मी साहेबांशी पहिल्यांदा भांडले. छापील कागदावर गवताळ जमिनीसाठी रकाना हवा, असं पत्र त्यांच्याकडून वर पाठवायला लावलं. चार महिन्यांनी उत्तर आलं: गवत हे कोणत्या हंगामाचे पीक आहे, ते कळवावे. मी कळवलं. त्यानंतर दोनदा स्मरणपत्र लिहिलं, आणि पुढच्या उन्हाळ्यात माझी बदली झाली.