खाणीच्या पाण्यातला चारा

…तर मल्हारीनं शेवटची मेंढीही देऊन टाकली आणि खुटबावच्या जुन्या दगडखाणीत साठलेल्या पाण्यात मासे सोडले. अठ्ठ्याण्णव साल होतं ते. गाव हसलं, पण गडी मजेत! सकाळी काठावर उभा राहून माशांना "हुर्रर्र, हुर्रर्र" करायचा, जणू कळपच चरायला काढलाय. त्याची बायको गिताबाई म्हणायची, "आवो, मासं हायेत ती! तुमचं ऐकून वळत्यात व्हय?"

भादवा सरला, ऊन तापलं, वारा पडला आणि पाणी हिरवंगार झालं. मल्हारीचा आनंद पोटात मावेना. तेवढ्यात हनुमंतआप्पा आले. दौंडला रेल्वेच्या पाणीखात्यात जन्म काढलेला माणूस. म्हणाले, "कोपरापातूर हात घाल पाण्यात. पंजा दिसला तर ठीक."

मनगटापाशीच पंजा गडप!

"बघा आप्पा, चारा कसा दाट आलाय!" मल्हारी हरखला.

"चारा कसला, येड्या! बारीक शेवाळ हाय ते. वर ऊन, खाली अंधार. वारा पाणी ढवळतो तवा ते निम्मा वेळ अंधारात जातं, आन् बेतानं वाढतं. तुझ्या खाणीला चारी अंगानं कडे. वारा उतरतो कुठं? समदं वरच बसून ऊन खातंय. आभाळ आलं, ऊन गेलं की मासळीच्या वाट्याची हवा हेच वढून घेईल."

"मग ढवळतो की!"

"तळ ढवळलास तर खालची कुजकी घाण वर येईल. नुसतं वरचं पाणी हलवायला पायजे. पण येवढं पाणी तू हलवणार कशानं?"

वारा काही कुणाकडं मागून आणता येत नाही.

आणि आभाळ आलंच. तीन दिवस ऊन नाही, पान हलेना. चौथ्या दिवशी उजाडताच गिताबाईनं हाक मारली. सगळी मासळी वर येऊन तोंडं उघडीत होती. नवराबायकोनं बादल्या घेतल्या. पाणी भरायचं, डोक्याइतकं उंच उचलायचं, पुन्हा खाणीत ओतायचं. तेवढीच हवा मिसळेल. पण एकेक पांढरं पोट वर येतच राहिलं. दुपारी आप्पा आले, त्यांनी मल्हारीची बादली धरली. "बस कर लेकरा. दोन बादल्यांनी काय व्हतंय?"

मल्हारी म्हणाला, "आप्पा, मेंढरू धापा टाकाया लागलं तर त्याचं डोस्कं मांडीवर घिऊन बसता येतं. ह्यांच्यापाशी कुठं बसू? म्हणून वततोय."